फोनला कधी झोपवायचं, हे कोण ठरवतं? कर्नल की युजर स्पेस?

गोष्ट मागच्या डिसेंबरमधली. मी पुण्यात नोकरीला, बाबा गावी, हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात. आमच्याकडे हळद आहे आणि पाणी ठिबकवर. शेतीची थ्री-फेज लाईट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. वेळापत्रक ठरलेलं असतं, पण मधेच कुठे ट्रिप झाली की लाईट पुन्हा नक्की कधी येईल, हे कुणीच सांगू शकत नाही. मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवलेला आहे. लाईट आली की तो बाबांच्या फोनवर एसएमएस टाकतो. मोटार फोनवरून चालू होते, पण ठिबकचे कॉक हातानेच फिरवावे लागतात, म्हणजे माणूस शेतात हवाच.

आता रात्री दोन वाजता एसएमएस आला की फोन फक्त ‘टुंग’ करतो. दिवसभर राबलेल्या माणसाला त्याने जाग येईल का? म्हणून मी एक छोटं ॲप लिहिलं. स्टार्टरच्या नंबरवरून एसएमएस आला की हे ॲप अलार्मसारखं जोरात वाजतं, बंद करेपर्यंत. दिवाळीला गावी गेलो तेव्हा बाबांच्या फोनमध्ये टाकून दिलं. महिनाभर मस्त चाललं. आणि मग एका सकाळी फोन.

“अरे, तुझं ते ॲप रात्री झोपलं होतं का रे?”

एसएमएस 1 वाजून 50 मिनिटांनी आलेला होता. इनबॉक्समध्ये दिसत होता. ॲप वाजलंच नाही. बाबांना जाग आली पाच वाजता आणि सहाला लाईट गेली. डिसेंबर म्हणजे हळदीचे कंद पोसायचा काळ. रात्रीचं आख्खं पाणी गेलं, आणि तेही घरात सॉफ्टवेअर इंजिनीअर असताना. बाबा रागावले नाहीत, त्यामुळे मला जास्तच लागलं.

पुढचे दोन रविवार मी हे नक्की कुणामुळे झालं ते शोधत बसलो. ते समजून घ्यायचं तर आधी एक जुना वाद समजून घ्यावा लागतो: हार्डवेअरची वीज कुणी सांभाळायची, कर्नलने की युजर स्पेसने? तुमच्या फोनची बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकते की नाही आणि मित्राचा मेसेज वेळेवर येतो की दोन तासांनी, ही दोन्ही उत्तरं या वादातूनच आली आहेत.

लाल डब्यातले दोघं

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा (लष्करातले कर्नल वेगळे!). अँड्रॉइडमध्ये हा गाभा लिनक्सचा आहे. प्रोसेसर, मेमरी, स्क्रीन, मोडेम, चार्जिंगची चिप, या सगळ्याला थेट हात लावायचा अधिकार फक्त कर्नलला. बाकी सगळं, म्हणजे व्हॉट्सॲप, कॅमेरा, सेटिंग्ज आणि अँड्रॉइडच्या स्वतःच्या बऱ्याचशा सेवासुद्धा, युजर स्पेसमध्ये चालतं. त्यांना हार्डवेअरकडून काही हवं असेल तर कर्नलकडे विनंती करावी लागते. युजर स्पेसमधलं एखादं ॲप कोसळलं तर तेवढं ॲप बंद पडतं. कर्नल कोसळला तर आख्खा फोन रीस्टार्ट.

एसटीचा लाल डबा डोळ्यांसमोर आणा. ड्रायव्हर म्हणजे कर्नल, कंडक्टर म्हणजे युजर स्पेस. कुठला प्रवासी कुठे उतरणार, कुणाची पिशवी अजून खाली राहिली आहे, हे कंडक्टरला माहीत असतं. तो सिंगल बेल मारतो, गाडी थांबते. डबल बेल मारतो, गाडी निघते. पण समोर म्हैस आडवी आली तर ड्रायव्हर कंडक्टरच्या बेलची वाट बघत बसत नाही. ब्रेक त्याच्याच पायाखाली असतो. (योगायोग बघा, हार्डवेअर चालवणाऱ्या कर्नलमधल्या कोडलाही ड्रायव्हरच म्हणतात.)

मग वाद कशावर आहे? गाडीचा वेग कुणी ठरवायचा आणि गाडी कधी थांबवायची, यावर. दोन्हीची उत्तरं वेगवेगळी निघाली.

वेग: कंडक्टर कमी पडला

प्रोसेसर सतत पूर्ण वेगात पळवला तर बॅटरी दुपारपर्यंतही टिकणार नाही. म्हणून काम कमी असेल तेव्हा त्याचा वेग कमी करतात. सुरुवातीच्या काळात लिनक्सच्या लॅपटॉपवर हे काम युजर स्पेसमधले छोटे प्रोग्राम करायचे. थोड्या थोड्या वेळाने बघायचं प्रोसेसर किती बिझी आहे आणि कर्नलला सांगायचं, वेग वाढव किंवा कमी कर. कल्पना छान होती. धोरण बदलायचं असेल तर प्रोग्राम बदला, कर्नलला हात लावायची गरजच नाही.

पण नवे प्रोसेसर काही मायक्रोसेकंदांत वेग बदलू लागले आणि हे प्रोग्राम मागे पडले. युजर स्पेसमधल्या प्रोग्रामला आधी स्वतःचा नंबर लागावा लागतो, मग माहिती वाचायची, मग निर्णय, मग पुन्हा कर्नलकडे निरोप. तोवर काम येऊन गेलेलं असतं. शिवाय वीज वाचवायची की नाही हे बघण्यासाठी झोपलेल्या प्रोसेसरला पुन्हा पुन्हा उठवायचं, हा तर विनोदच झाला. म्हणून 2004 मध्ये इंटेलच्या वेंकटेश पल्लीपाडी यांचा ‘ऑनडिमांड’ नावाचा गव्हर्नर लिनक्स 2.6.9 मध्ये आला आणि वेगाचा निर्णय कर्नलच्या आत गेला. 2016 मध्ये लिनक्स 4.7 सोबत ‘शेडयुटिल’ आला. त्याने तर निर्णय थेट शेड्यूलरच्या शेजारी नेऊन ठेवला, कारण कुठल्या कोअरवर किती काम आहे हे शेड्यूलरइतकं चांगलं कुणालाच माहीत नसतं. आजच्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये हाच किंवा याच्याच धर्तीवरचा गव्हर्नर चालतो.

मग युजर स्पेसकडे काय उरलं? मर्यादा घालणं. तुम्ही बॅटरी सेव्हर लावता तेव्हा कंडक्टर सांगतो, आज साठच्या वर जायचं नाही. गेम उघडता तेव्हा तोच सांगतो, आता जरा दाबा. त्या मर्यादेच्या आत दर क्षणी काय करायचं ते ड्रायव्हर बघतो. तापमानाचंही तसंच. मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो. बांधावर उन्हात ठेवलेला फोन गरम झाला की स्क्रीन मंद करायची, चार्जिंग हळू करायचं, हे युजर स्पेसमधली सेवा ठरवू शकते. पण तापमान धोक्याच्या रेषेपलीकडे गेलं तर कर्नल कुणालाही न विचारता फोन बंद करायला घेतो. आग लागायच्या बेतात असताना मीटिंग घेत नाहीत.

जिथे झोपेला जागाच नाही

हे किती टोकाला जाऊ शकतं याचं उदाहरण आमच्याच जिल्ह्याशी जोडलेलं आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार आहे, हे तुम्ही ऐकलं असेल. गुरुत्वीय लहरी टिपणारी, प्रत्येकी 4 किलोमीटरच्या दोन भुजांची वेधशाळा. फेब्रुवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने तत्त्वतः होकार दिला आणि एप्रिल 2023 मध्ये 2600 कोटी रुपयांना मंजुरी मिळाली. अशा दोन वेधशाळा अमेरिकेत आधीपासून चालू आहेत, हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टनला. त्यांचं कंट्रोल सॉफ्टवेअर मला कामानिमित्त वाचायला मिळालं आणि मी खुर्चीतून उठलोच.

तिथे आरसे बारीक तारांवर टांगलेले असतात आणि ते हलू नयेत म्हणून कॉम्प्युटर सतत मोजतो आणि सतत किंचित ढकलतो. किती सतत? बऱ्याच कामांसाठी सेकंदाला 16384 वेळा. म्हणजे एका फेरीला फक्त 61 मायक्रोसेकंद. आणि हे सगळं चालतं साध्या लिनक्सवर, तुमच्या फोनमधला गाभा ज्या घराण्यातला आहे त्याच घराण्यातल्या. आता विचार करा, काम नाही असं बघून कर्नलने एखाद्या कोअरला गाढ झोपवलं, तर? गाढ झोपेतून उठायला कोअरला कधी कधी शेकडो मायक्रोसेकंद लागतात. तोवर कितीतरी फेऱ्या चुकलेल्या असतील.

त्यांनी केलेला उपाय भन्नाट आहे. आरसे सांभाळणारा कोड युजर स्पेसमध्ये ठेवलाच नाही, तो कर्नल मॉड्यूल बनवला. लिनक्समध्ये एखादा कोअर बंद करून कारभारातून काढून टाकायची सोय असते. असा काढलेला कोअर शेवटी ‘प्ले डेड’ नावाच्या फंक्शनमध्ये जातो, म्हणजे मेल्याचं सोंग घेऊन पडून राहतो. लायगोच्या लोकांनी कर्नलला पॅच करून नेमकं त्याच जागी आपला कोड बसवला. लिनक्सला वाटतं कोअर बंद झाला. प्रत्यक्षात तो कोअर कुणाच्याही अडथळ्याशिवाय आरसे सांभाळत असतो. वीज वाचवायच्या फंक्शनच्या जागेवर कधीही न झोपणारं काम!

पण सगळं कर्नलमध्ये कोंबलं का? नाही. आरसे आता कुठल्या स्थितीत न्यायचे, कुठली पायरी आधी आणि कुठली नंतर, हे ठरवणारा ‘गार्डियन’ नावाचा प्रोग्राम पायथनमध्ये आहे आणि युजर स्पेसमध्ये चालतो. तो कोसळला तर पुन्हा चालू करता येतो. बेल मारायला गार्डियन, ब्रेकवर पाय कर्नलचा.

झोप: इथे भांडण झालं

वेगाचा वाद तसा शांतपणे मिटला. झोपेचा वाद मात्र तीन वर्षं चालला, आणि माझ्या हळदीचं पाणी याच भागात अडकलेलं आहे.

फोनची स्क्रीन बंद झाली की अँड्रॉइड संधी मिळताच आख्खा फोन झोपवतो. नुसता कोअर नाही, जवळपास सगळंच. मग गाणं वाजतंय, फाईल डाउनलोड होतेय, अशा वेळी काय? त्यासाठी गुगलने वेकलॉक आणला. ॲप सांगतं, माझं काम चाललंय, झोपू नका. वेकलॉक सोडेपर्यंत प्रोसेसर जागा. 2009 मध्ये गुगलने हा कोड मुख्य लिनक्स कर्नलमध्ये घ्या म्हणून पाठवला आणि कर्नलवाले भडकले. त्यांचं म्हणणं होतं की कुठल्याही ॲपला आख्खं मशीन जागं ठेवायचा अधिकार का द्यायचा? आणि खराब ॲप लिहिणाऱ्यांची चूक कर्नलने का निस्तरायची? प्रोसेसरला काम नसेल तेव्हा त्याला आम्ही झोपवतोच की. गुगलचं म्हणणं वेगळं होतं: बाजारात हजारो ॲप असणार, सगळी शहाणी असतील असं धरून फोन विकता येत नाही.

मला स्वतःला दोघांचं पटतं, पण खरा अवघड प्रश्न तिसराच होता. समजा कंडक्टरने सगळे प्रवासी मोजले, दार लावलं, डबल बेल मारली. त्याच क्षणी एक आजी पिशवी सांभाळत मागून पळत येताहेत. कंडक्टरचं तोंड आत आहे, आजी फक्त ड्रायव्हरला आरशात दिसताहेत. फोनमध्ये ही आजी म्हणजे नेमका झोपायच्या क्षणी आलेला एसएमएस. झोपेचा निर्णय युजर स्पेसने घेतला आणि तो अमलात येईपर्यंत मोडेमकडून खबर आली, तर ती खबर हरवून फोन झोपी जायचा धोका. म्हणून निर्णय पूर्णपणे युजर स्पेसकडे सोपवता येत नव्हता.

तोडगा हळूहळू निघाला, आणि त्यात राफाएल विसोत्स्की या कर्नल डेव्हलपरचा मोठा वाटा. 2010 मध्ये लिनक्स 2.6.36 मध्ये कर्नलने एक आकडा ठेवायला सुरुवात केली: आतापर्यंत जागं करणाऱ्या किती घटना घडल्या. झोपवण्याआधी युजर स्पेसने हा आकडा वाचायचा, मग आपल्याकडच्या सगळ्यांना विचारायचं, आणि शेवटी तोच आकडा कर्नलला परत लिहून द्यायचा. मधल्या काळात काही घडलं असेल तर आकडा जुळत नाही आणि कर्नल नकार देतो: थांबा, आजी येताहेत. 2012 मध्ये लिनक्स 3.5 मध्ये वेकलॉकसारखी सोय आणि आपोआप झोपायची सोय दोन्ही अधिकृतपणे आल्या. अँड्रॉइड 10 मध्ये ‘सिस्टीम सस्पेंड’ नावाची युजर स्पेस सेवा आहे. फोन आता झोपवू या, हे ती ठरवते, आणि शेवटचा नकार द्यायचा हक्क कर्नलकडे असतो.

ही वाटणी मला आजवर पाहिलेली सगळ्यात शहाणी वाटते. कुणाचं काम महत्त्वाचं आहे हे कर्नलला कळू शकत नाही, त्याच्यासाठी गेमची जाहिरात आणि बाबांच्या मोटारीचा एसएमएस सारखेच. आणि या क्षणी हार्डवेअरवर काय घडलं हे युजर स्पेसला वेळेत कळू शकत नाही.

मग ॲप का वाजलं नाही?

सांगतो. पहिली चूक माझी. फोन झोपला तर एसएमएस आलेला माझ्या ॲपला कळणार नाही, अशी मला भीती वाटली. म्हणून मी रात्री दहा ते सकाळी सहा वेकलॉक धरून ठेवला होता. आता हे लिहितानाही लाज वाटते. एसएमएस आला की मोडेमच प्रोसेसरला उठवतो, कर्नल झोप थांबवतो आणि अँड्रॉइड तो एसएमएस हव्या त्या ॲपपर्यंत पोचवतो. 2015 मध्ये अँड्रॉइड 6 सोबत आलेल्या ‘डोझ’मध्ये, म्हणजे फोन बराच वेळ पडून राहिला की ॲपची कामं लांबणीवर टाकणाऱ्या मोडमध्येसुद्धा, एसएमएस येतोच. माझा वेकलॉक म्हणजे रिकाम्या डब्यात बसून रात्रभर सिंगल बेल वाजवत राहणं.

त्याने काय झालं, तर बाबांची बॅटरी सकाळपर्यंत निम्मी व्हायची. ते काही बोलले नाहीत, चार्जरला लावून झोपायला लागले. पण फोनने नोंद घेतली.

इथे दुसरा गुन्हेगार येतो. बरेच फोनवाले अँड्रॉइडच्या वर स्वतःचा बॅटरी मॅनेजर टाकतात. हाही युजर स्पेसमध्येच. कर्नलचा तोडगा, डोझचे नियम, हे सगळं ठीक, पण हा मॅनेजर आपल्या मनाने ॲप बंद करून टाकतो. बाबांच्या फोनच्या मॅनेजरने माझं ॲप ‘बॅटरी खाणारं’ ठरवलं आणि फोर्स स्टॉप केलं. फोर्स स्टॉपचा अर्थ नुसतं बंद करणं नाही. त्यानंतर तुम्ही स्वतः ॲप उघडेपर्यंत त्याला एसएमएस आल्याची खबरही मिळत नाही आणि त्याने लावून ठेवलेले अलार्मही रद्द होतात. एडीबीने फोन जोडून पॅकेजची माहिती काढली तेव्हा तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं: स्टॉप्ड, ट्रू.

म्हणजे त्या रात्री मोडेमने काम केलं, कर्नल जागा झाला, एसएमएस इनबॉक्समध्ये पडला, टुंग वाजलं. ड्रायव्हर वेळेवर थांबला होता. कंडक्टरने प्रवाशाला आधीच्याच थांब्यावर उतरवून दिलेलं होतं.

तुमचे मेसेज उशिरा येत असतील, तर तुमच्या फोनमध्येही बहुतेक हेच चाललेलं असतं. सेटिंग्जमध्ये बॅटरीखाली त्या ॲपच्या नावावर जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा, आणि ‘ऑटोस्टार्ट’ असा पर्याय असेल तर तोही चालू करा. फक्त जी दोन-तीन ॲप खरंच लागतात त्यांनाच. सगळ्यांना दिलं तर बॅटरीचं काय होईल ते बाबांना विचारा. आणि ते रॅम बूस्टर, टास्क किलर वगैरे ॲप काढून टाका. मेमरी कमी पडली की काय बंद करायचं ते अँड्रॉइड स्वतः बघतं. (तेही आधी कर्नलमधला एक ड्रायव्हर करायचा. 2017 मध्ये लिनक्स 4.12 मधून तो काढला आणि आता ते काम युजर स्पेसमधली सेवा करते.)

मी ॲप पुन्हा लिहिलं. वेकलॉक काढला. एसएमएस आल्यावरच जागं व्हायचं आणि वाजायचं, बस. फोनला एडीबीने जबरदस्तीने डोझमध्ये ढकलून दहा वेळा तपासलं, दहाही वेळा वाजलं. रात्रभरात बॅटरीही नीट राहिली. संक्रांतीला गावी जाऊन बाबांच्या फोनमध्ये टाकलं, अनरिस्ट्रिक्टेड केलं, ऑटोस्टार्ट चालू केलं, आणि कर्नल, युजर स्पेस, कंडक्टर, ड्रायव्हर असं सगळं त्यांना समजावून सांगितलं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ते सगळं ठीक आहे रे. पण त्या स्टार्टरला एसएमएसच्या ऐवजी फोन लावता येत नाही का?”

स्टार्टरचं माहितीपत्रक काढलं. येत होता. एक सेटिंग बदलायचं होतं. आता लाईट आली की बाबांना सरळ कॉल येतो, आणि कॉल आला की बॅटरी मॅनेजर मधे पडत नाही. माझं ॲप अजून आहे त्या फोनमध्ये. कुठल्या रात्री किती वाजता लाईट आली, त्याची यादी ठेवतं.